जिन्यावरचं फॉल्स सीलिंग घरच्या घरी: कोकणातल्या घरांसाठी साहित्य कसं निवडावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. भिंती चिऱ्याच्या, पुढच्या भागावर मंगलोरी कौलं, मागच्या बाजूला नंतर चढवलेला स्लॅब आणि दोन्हींच्या मध्ये माडीवर जाणारा जिना. त्या जिन्यावरचं छत मी दोनदा केलं. पहिलं दुसऱ्याच पावसाळ्यात उतरवावं लागलं. दुसरं नऊ पावसाळे काढून जागच्या जागी आहे. तेव्हापासून वाडीत कुणी जिन्यावर छत करायचं काढलं की तो आधी आमच्या जिन्यात येऊन मान वर करून उभा राहतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवतोय.

जिन्यावर फॉल्स सीलिंग लागतंच का?

सगळ्यांना नाही. वर कोरडा स्लॅब असेल आणि गिलावा नीट धरून असेल, तर चांगला रंग पुरतो. कौलं किंवा पत्रे असतील तर मात्र छताचा खरा उपयोग होतो. कौलांच्या फटींतून बारीक माती, चुरा, पालींच्या लेंड्या, जळमटं पायऱ्यांवर पडत राहतात, आणि जिन्यात शिडी लावून ती झाडणं धोक्याचं असतं. मे महिन्यात पत्र्याची धग माडीवर जाणाऱ्याच्या थेट डोक्यावर येते, तीही मध्ये छत आलं की कमी होते.

गळती झाकण्यासाठी मात्र छत करू नका. पाणी छताच्या पाठीवर पडतं, उताराने पळतं आणि मूळ जागेपासून चार हात लांब डाग दाखवतं. मग गळतंय कुठे हे शोधायला सगळं छत उतरवावं लागतं. जुनं कौलारू घर आणि नवा स्लॅब जिथे भेटतात ती पन्हळ बऱ्याच घरांत नेमकी जिन्यावर येते, आणि गळायला सुरुवात तिथूनच होते. आधी एक पूर्ण पावसाळा जिना उघडा ठेवा. झड लागली की टॉर्च घेऊन बघा, पाणी ठिपकतंय तिथे खडूने खूण करा. दुरुस्ती झाली, पुढच्या दोन-चार मोठ्या सरींत जागा कोरडी राहिली, की मग छताचा माल आणा.

खोलीचं छत आणि जिन्यावरचं छत यांत एवढा काय फरक आहे?

घरात आग लागली की वरच्या मजल्यावरचा माणूस जिन्याकडे धावतो. धूरही तिकडेच जातो, कारण गरम हवा वर चढते आणि जिन्याची मोकळी जागा तिला धुराड्यासारखी वाट देते. माणसाची उतरायची वाट आणि धुराची चढायची वाट एकच. म्हणून त्या वाटेच्या डोक्यावर चटकन पेट घेणारं किंवा घातक धूर सोडणारं काहीही लावायचं नाही. साहित्य निवडताना मी सुरुवात इथून करतो. दिसणं आणि भाव नंतर. आमच्याकडे गणपतीत ओटीवर समया असतात, विजेच्या माळा, कागदाचं आणि कापडाचं मखर असतं, आणि जिना त्या ओटीलाच लागून असतो.

शिवाय जिन्यावरच्या छताला हात पोचत नाही. खोलीत स्टूल घेऊन एखादा स्क्रू आवळता येतो, जिन्यात त्यासाठी परांची बांधावी लागते. पाच वर्षांनी दुरुस्तीला येणारा माल इथे स्वस्त पडत नाही, कितीही कमी भावात मिळाला तरी.

आणि तिसरी गोष्ट ओल. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत जिन्यातली हवा कधी कोरडी होतच नाही, आणि त्या हवेत मीठ असतं.

थोडक्यात सांगा, काय घेऊ?

वर स्लॅब असेल तर ६ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड, जाड जस्तलेपाच्या जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) फ्रेमवर, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी. वर कौलं असतील तरी तोच बोर्ड, पण एकेक सुटा काढता येईल अशा तुकड्यांत. लाकडाची हौस असेल आणि घरचं मुरलेलं लाकूड पडून असेल, तर जाड फळ्यांची तक्तपोशी. बाकी सगळ्या पर्यायांना काही ना काही अट आहे.

जिप्सम बोर्ड का नको? मुंबईला भावाच्या फ्लॅटमध्ये छान टिकलाय.

फ्लॅटमध्ये वर दुसऱ्याचं घर असतं आणि बहुधा चारी बाजूंनी काचेच्या खिडक्या. तिथे तो टिकतो. जिप्सम आगीला चांगलं तोंड देतं हेही खरं, कारण त्याच्या स्फटिकांतच वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी बांधलेलं असतं आणि आगीत आधी ते पाणी वाफ होऊन जावं लागतं. पण बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो. आपल्याकडच्या ओलीत त्या कागदावर काळी बुरशी धरते आणि पाणी शिरलं की आतलं जिप्सम भिजून भुसभुशीत होतं.

हिरव्या कागदाचा ओलरोधक बोर्ड मिळतो. तो दमट हवा सोसतो, ठिपकणारं पाणी नाही. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून देतो, तेवढं लक्षात ठेवा. किनाऱ्यापासून आत, लांजा किंवा कणकवलीकडे, वर पक्का कोरडा स्लॅब असेल तर हिरवा बोर्ड चालेल. कौलांखाली कुठलाच जिप्सम बोर्ड लावू नये. एक कौल सरकलं की एका रात्रीत अख्खा तुकडा फुगून खाली येतो, आणि खाली पायऱ्या असतात.

पीओपी?

पीओपीचं छत स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. हात बसलेला कारागीर लागतो, डोक्यावर ओला माल थापायचा असतो आणि जिन्यात ते काम दुप्पट अवघड. ओलीचं दुखणं जिप्समसारखंच, कारण मूळ पदार्थ एकच: जिप्सम भाजून पाणी उडवलं की पीओपी, त्यात पाणी घातलं की परत जिप्सम.

पीव्हीसीचे पॅनेल सगळेच लावतात. पाण्याने खराब होत नाहीत, वाळवी लागत नाही, स्वतः बसवता येतात. मग तुम्ही का नाही म्हणता?

तुम्ही सांगितलेले तिन्ही गुण खरे आहेत, आणि न्हाणीघरात मी स्वतः तेच लावलेत. वजनाला हलके, साध्या करवतीने कापले जातात, पुसले की स्वच्छ. ओलीपुरताच प्रश्न असता तर ही यादी इथेच संपवली असती.

अडचण उष्णतेची आणि धुराची आहे. कडक पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावून बघा. त्याच्या अगदी खाली चिकटून पॅनेल बसवले तर दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांना झोळ येतो. पत्रा आणि पॅनेल यांत हातभर अंतर आणि हवेला वाट असेल तर हे टळतं. धूर मात्र टळत नाही. पीव्हीसी आपणहून भडकत जात नाही, पण आगीच्या झळीत सापडलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं. डोळे, नाक, घसा यांत ओलावा असतोच. खोलीत असं झालं तर माणूस बाहेर पळतो. जिन्यात झालं तर पळायची वाटच बंद.

घरात जिना एकच असेल, वर म्हातारी माणसं किंवा मुलं झोपत असतील, तर जिन्यावर पीव्हीसी लावू नका असं मी हात जोडून सांगतो. बाहेरून जाणारा उघडा जिना असेल, धूर अडकायला भिंतीच नसतील, तर खुशाल लावा.

फायबर सिमेंट बोर्ड घेताना काय बघायचं?

पाठीवर आयएस १४८६२ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते बघा आणि बोर्ड ॲसबेस्टॉसविरहित आहे हे लेखी विचारा. कॅल्शियम सिलिकेट बोर्ड याच घराण्यातला, थोडा हलका, तोही चालतो. छताला ६ मिलिमीटर पुरतो. ८ मिलिमीटर घेतला तर मजबुती वाढते, पण ८ बाय ४ फुटांची शीट ३२ किलोंच्या घरात जाते. ६ मिलिमीटरची सुमारे २४ किलो. जिन्यात, परांचीवर उभं राहून, दोन हात वर करून धरायला हा फरक फार मोठा आहे.

हा बोर्ड जळत नाही, कुजत नाही, वाळवी त्याला खात नाही आणि भिजला तर वाळून पुन्हा पहिल्यासारखा होतो. शेवटचा गुण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी माकडांनी कौल सरकवलं, दोन दिवस पाणी बोर्डावर पडत होतं. बोर्डावर फिकट पिवळा डाग राहिला, बाकी काही झालं नाही. प्रायमर आणि एक हात रंग, संपलं.

कापताना मात्र जपायचं. धूळ सिलिकाची असते, ती फुप्फुसात बसते. ग्राइंडरने कोरडं कापू नका. कार्बाइडच्या टोकाच्या सुरीने तीन-चार वेळा खोल रेघ ओढायची आणि टेबलाच्या कडेवर दाबून मोडायचा, सरळ मोडतो. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, एन-९५ मास्क लावून. स्क्रूसाठी आधी भोक पाडून घ्या. कडेपासून अर्धा इंच आणि कोपऱ्यापासून दोन इंच आत, नाहीतर कोपरा उडतो. दोन बोर्डांत एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट सोडा.

लाकडाची तक्तपोशी? आजोबांच्या वेळची माळ्याखाली आहे, अजून ठणठणीत.

ती ठणठणीत आहे कारण ते लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं होतं आणि खाली चुलीचा धूर होता. आज वखारीतून आणलेलं ओलं लाकूड तसं वागणार नाही. साग उत्तम. फणस आपल्याकडचा, रंगाने सुंदर आणि कीड कमी लागणारा. ऐन, किंजळ जड पण टिकाऊ. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका; दोन वर्षांत बारीक भोकं पडून पायऱ्यांवर पिवळा भुगा सांडायला लागतो.

फळी पाऊण इंच जाड ठेवा. जाड लाकूड आगीत वरून कोळसतं आणि पेटायला वेळ घेतं, पातळ पट्ट्या आणि प्लायच्या चिपा तो वेळ देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकं असतं, म्हणून त्या दिवसांत फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या तर जुलैत त्या फुगतात आणि मधूनच उचलतात. दोन फळ्यांत पाऊण सूत जागा सोडायची. जीभ-खाचेच्या फळ्या असतील तर ती फट खालून दिसतही नाही.

काजूच्या टरफलाचं तेल वाळवीला चांगलं, आपल्याकडे जुन्या वाशांना ते लावायचेच. पण ते कातडी भाजतं, आणि पेटतंही. जिन्यावरच्या फळ्यांना बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्याचे दोन हात द्या, वाळू द्या, मग पॉलिश.

प्लायवूड चालेल का?

साधा कमर्शियल प्लाय नको, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. लावायचाच असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय आणि कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करून. पण त्या पैशात सिमेंट बोर्ड येतो आणि तो जळत नाही.

बांबूची चटई, तट्ट्या?

दिसायला मला फार आवडतात. सिंधुदुर्गात माणगा आणि चिवा मुबलक, विणणारे हातही आहेत. ओटीवर, पडवीत जरूर लावा. सुकी विणलेली चटई काडीपेटीच्या एका काडीने पेटते, म्हणून जिन्यावर नाही.

ऑफिसात असतात त्या २ बाय २ च्या पांढऱ्या टाइल?

नको. दमट हवेत त्यांच्या मध्याला पोट येतं. शिवाय त्या सपाट छतासाठी असतात, जिन्याच्या उतारावर बसत नाहीत.

धग कमी व्हावी म्हणून वर थर्माकोल भरू का?

नाही. तो पेटतो, काळा धूर करतो आणि उंदीर त्यात घरं करतात. ग्लासवूलही इथे ओल धरून बसतं आणि खालच्या फ्रेमला गंज आणतं. धग घालवायला हवा खेळती ठेवणं हा खरा उपाय: छताच्या वरच्या आणि खालच्या टोकाला वीतभर लांबीच्या फटी सोडा, गरम हवा आपोआप वरून निघून जाते. फटींना पाव इंचाहून बारीक छिद्रांची स्टेनलेसची जाळी ठोका, म्हणजे उंदीर, वटवाघळं आणि त्यांच्यामागून येणारी धामण आत शिरत नाही.

बोर्ड ठरला. फ्रेम आणि स्क्रू दुकानदार देईल ते घेतले तर?

माझं पहिलं छत इथेच गेलं, म्हणून हे सविस्तर सांगतो.

बोर्ड चांगला होता. स्क्रू दुकानात मिळतात तसे काळे होते, जिप्सम बोर्डाला सगळे वापरतात ते. पहिल्या पावसाळ्यानंतर रंगावर चवलीएवढे तपकिरी ठिपके उमटले, ओळीने, प्रत्येक स्क्रूच्या जागी एक. रंगाऱ्याने वरून हात मारला. दुसऱ्या श्रावणात एक कोपरा बोटभर खाली आलेला दिसला. परांची बांधून वर गेलो, एका ठिपक्यावर नख फिरवलं तर स्क्रूचं डोकं पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. खालचा दांडा पेन्सिलीच्या शिसाएवढा उरला होता. तो तुकडा स्क्रूंनी धरलेलाच नव्हता, सांध्याच्या टेपने आणि रंगाने धरला होता. आणि रोज त्याच्याखालून माझी मुलगी शाळेला जात होती. त्याच दुपारी सगळं छत उतरवलं.

काळ्या स्क्रूवर फॉस्फेटचा पातळ लेप असतो, तो खाऱ्या हवेसाठी नसतो. स्टेनलेस घ्या. ३०४ प्रतीचा घराच्या आत चालतो. ओटीवरून समुद्र दिसत असेल तर ३१६ मागवा. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तेच तोंड देतं. तालुक्याच्या ठिकाणी नसला तर रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात मिळेल. एका जिन्याला शंभरभर स्क्रू लागतात. चांगल्या आणि साध्या स्क्रूंतला फरक साधारण एका दिवसाच्या मजुरीएवढाही येत नाही.

फ्रेमचंही तसंच. जीआय सेक्शनवर, म्हणजे फ्रेमच्या पट्ट्यांवर, जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे ते विचारा. नेहमीचा माल १२० ग्रॅमचा किंवा त्याहून हलका असतो, किनाऱ्यावर २७५ चा हवा. सेक्शन कापला की कापलेल्या कडेला जस्त राहत नाही, गंज तिथून आत जातो. प्रत्येक कापाला झिंकच्या प्रायमरचा हात लगेच, खाली जमिनीवर असतानाच द्या. वर चढवल्यावर राहून जातं. बोर्ड ज्या सेक्शनला बसतो ते दीड फुटावर, त्यांना धरणारे वरचे आडवे चॅनल चार फुटांवर.

उतारावरच्या छतात एक भार जास्त असतो. सगळं वजन खालच्या टोकाकडे सरकू बघतं. म्हणून खालच्या भिंतीवरचा चॅनल दुप्पट स्क्रूंनी पक्का करा.

चिऱ्याच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. गिट्टी फिरते.

धरणार नाहीच. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत मुरून कडक होतो, पण आत पोकळ्या राहतात. अँकर फास्टनर (भोकात फुगून धरणारा बोल्ट) आवळला की तो बाजूचा दगड चुरडून ढिला होतो. दोन उपाय आहेत. जुना म्हणजे इंचभर जाडीचं, चार इंच खोल भोक पाडून त्यात सागाची खुंटी ठोकायची आणि स्क्रू खुंटीत घ्यायचा. नवा म्हणजे केमिकल अँकर: भोक ब्रशने आणि हवेने अगदी स्वच्छ करून त्यात रसायन भरायचं आणि त्यात सळई बसवायची. दोन्ही चालतात, मी खुंट्या वापरल्या. सांध्यातल्या मातीत किंवा चुन्यात भोक पाडू नका, चिऱ्याच्या मधोमध पाडा.

स्लॅबला लटकवताना अँकर फास्टनर ठीक. कौलांखाली असाल तर भार वाशांवर किंवा तुळईवर द्या. रिपांवर कधीही नाही. त्या पातळ असतात आणि पावसाआधी कौलं चाळताना हलतात.

छत किती खाली घेता येईल?

राष्ट्रीय बांधकाम संहितेत जिन्याखालून जाणाऱ्या वाटेला किमान २.२ मीटर, म्हणजे जवळपास सव्वासात फूट मोकळी उंची सांगितली आहे. जिना चढतानाही तेवढी हवीच. मोजायची सोपी रीत: सव्वासात फुटांची काठी कापा, पायरीच्या पुढच्या कडेवर ओळंब्यात उभी धरा आणि पायरी-पायरीने वर जा. कुठे टेकते तिथे खूण करा. बहुतेकांची चूक एकच असते, लँडिंगवर मोजतात आणि वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर डोकं आपटतं.

आणखी एक गोष्ट मनात धरा. आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणायची वेळ आली, तर वरच्या बाजूने धरणारा माणूस खुर्चीमागे ताठ उभा असतो आणि एक पायरी वर असतो. त्यालाही जागा हवी. जुन्या घरांतल्या उभ्या लाकडी जिन्यांवर ही उंची मुळातच नसते. तिथे फ्रेम लटकवू नका, वाशांनाच खालून दोन इंची पट्ट्या मारून त्यावर बोर्ड चढवा.

माल किती मागवू?

जमिनीवर मोजू नका, उतारावर मोजा. जिना ९ फूट चढत असेल आणि १० फूट पुढे जात असेल तर उताराची लांबी साडेतेरा फुटांच्या जरा आत येते. रुंदी साडेतीन फूट. जमिनीवर ३५ चौरस फूट भरतात, छताला ४७ लागतात. दोरी ताणून प्रत्यक्ष मोजलेलं बरं.

एवढ्या छताला ८ बाय ४ च्या दोन शीट पुरतात. मी शीट अखंड चढवत नाही. साडेतीन फूट बाय दोन फुटांचे तुकडे करतो, सात लागतात. ६ मिलिमीटरचा असा तुकडा साडेपाच किलोंच्या आत असतो, एकट्याने धरता येतो आणि पुढे एखादाच उतरवायचा झाला तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. सांध्यांना टेप आणि पुट्टी न करता फट उघडीच ठेवली, तर ती रेघ तक्तपोशीसारखी दिसते.

शिडी लावून होईल का?

नाही. जिन्यात परांचीच हवी. मजबूत लाकडी घोड्या दोन वेगळ्या उंचींच्या घ्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या पायरीवर ठेवल्या की वर पातळी येते. पाणसळ लावून बघा, त्यावर दोन इंच जाडीच्या फळ्या, काथ्याने घट्ट बांधलेल्या. बाकडं, पिंपं, विटा रचून त्यावर उभं राहू नका. खाली एक माणूस कायम हवा. गवंड्याकडून परांचीचं सामान चार दिवस भाड्याने मिळतं.

जुन्या छतावर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांनाच भोक पाडून हँगर सोडू?

थांबा. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲसबेस्टॉसचे असतात. त्याची धूळ कर्करोग करते, आणि तो वर्षानुवर्षांनी उमटतो. भोक, करवत, घासणं यांतलं काहीही करू नका. भार पत्र्याखालच्या लोखंडी किंवा लाकडी पट्टीवर घ्या.

काचेचं कौल झाकलं जाईल. उजेडाचं काय?

झाकू नका. आमच्या जिन्यावर एक काचेचं कौल आहे, सकाळी साडेआठला त्याचा चौकोन बरोबर पाचव्या पायरीवर पडतो. त्याखाली छतात तेवढीच चौकट सोडली आहे, बाजूंना बोर्डाच्या पट्ट्या लावून. दिवसा दिवा लागत नाही.

रात्रीचे दिवे भिंतीवर, हात पोचेल तिथे घ्या. छतात बसवलेला दिवा गेला की पुन्हा परांची. वर आणि खाली टू-वे स्विच. छताच्या वर तारांचे सांधे ठेवू नका. वायर अखंड, पाइपातून, आणि काम सुरू करण्याआधी मेन बंद.

छताच्या वर डोकावायचं झाकण कुठे ठेवू?

दीड फूट चौरस, लँडिंगच्या वर, कारण तिथे सपाट जागेवर शिडी उभी राहते. माकडं कौलं सरकवतात, वारा सरकवतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात किनाऱ्यावर आलं, तेव्हा तर त्या पट्ट्यात घरांची घरं उघडी पडली. वर काय झालंय हे बघायला छत फोडावं लागू नये.

काम कधी काढू?

डिसेंबर ते फेब्रुवारी. भिंती वाळलेल्या असतात आणि माणसं मिळतात. मार्चपासून सगळे आंब्याला लागतात. बोर्ड आणून आठ दिवस ओटीवर सपाट पट्ट्यांवर ठेवा, भिंतीला टेकवून उभे नको, वाकतात. रंगाआधी अल्कलीरोधक प्रायमर हवाच, नाहीतर सिमेंटचा लोणा रंगातून बाहेर येतो.

झाल्यावर काय बघत राहायचं?

मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की झाकण उघडा, टॉर्च आडवी धरून बोर्डांच्या पाठीवर फिरवा. ओला डाग असेल तर आडव्या उजेडात तो चमकतो. खालून स्क्रूंची डोकी बघा, एखाद्याभोवती तपकिरी कडं दिसलं तर तेवढाच स्क्रू बदला, रंगाने झाकू नका. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा एकदा. आमच्याकडे हे काम आता मुलगी करते. मी खाली शिडी धरून उभा असतो.